क्लिअर व्हिनाईल, रिफ्लेक्टिव्ह आणि गांधीबागेतला बिनपाटीचा प्रिंटवाला

आधी निकाल सांगते, मग कारणं. काचेवर लावायचं क्लिअर व्हिनाईल (पारदर्शक चिकट फिल्म) किंवा गाडीवर लावायचं रिफ्लेक्टिव्ह (उजेड परत फेकणारी शीट) छापून घ्यायचं असेल आणि रंग भरगच्च हवा असेल, तर माझं काम सध्या नागपुरात एकाच ठिकाणी जातं. गांधीबागेत, कापड मार्केटच्या मागच्या गल्लीत, साड्यांच्या गोदामाच्या वरच्या माळ्यावर. आज फाईल आणि संध्याकाळी माल असं हवं असेल तर तो जिना चढू नका. चिडचिड होईल आणि ती तुमचीच होईल, त्याची नाही.

दुकानाला पाटी नाही. दुसऱ्यांच्या पाट्या छापणाऱ्याने स्वतःची लावली नाही, कारण किरकोळ गिऱ्हाईक त्याला नकोच असतं. साईन बोर्डवाले, रेडियमवाले, इंटिरिअरवाले एवढेच येतात. मालक आणि ऑपरेटर एकच, मदतीला पुतण्या. ‘लिहा, पण माझं नाव नका टाकू,’ असं त्याने बजावलंय, म्हणून इथे तो नुसता भाऊ.

माझं स्वतःचं काम लहान आहे. मानेवाड्यात घराच्या पुढच्या खोलीत एक कटिंग प्लॉटर (व्हिनाईल आकारात कापणारी मशीन), एक टेबल आणि रोलचा ढीग. प्रिंटर नाही, तो बाहेरून करून घ्यायचा. पूर्वी नंबर प्लेटच्या रेडियमवर महिन्याचा किराणा निघायचा. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या हाय सिक्युरिटी प्लेट लावूनच शोरूममधून निघायला लागल्या आणि ते उत्पन्न आटलं. मग दवाखान्यांची काचेची दारं, मिठाईवाल्यांचे आतून दिवे असलेले बोर्ड, स्कूल व्हॅन, रुग्णवाहिका अशी कामं घ्यायला लागले. म्हणजे नेमका तोच माल, जो साध्या मशीनवर साधेपणाने छापला की फसतो.

एका मिठाईच्या दुकानाचं उदाहरण देते. संत्रा बर्फीचा मोठा फोटो, मागून एलईडी, पुढे ॲक्रिलिक, त्यावर क्लिअर व्हिनाईल. पहिल्यांदा तो मी दुसऱ्या एका ठिकाणी छापून घेतला. टेबलावर ठेवला तेव्हा रंग झकास, तोंडाला पाणी सुटावं असा. बोर्डात बसवून दिवे लावले आणि बर्फीचा रंगच उडाला. दुकानदार दोन पावलं मागे गेला, मान वाकडी केली आणि म्हणाला, ‘ताई, हे संत्रं नाही, मोसंबी झाली.’ छापणाऱ्याचं उत्तर ठरलेलं होतं: फाईलमध्ये रंग वाढवून आणा. फाईलमध्ये पिवळा आधीच शंभर टक्के होता. शंभराच्या वर कुठे न्यायचा?

तेच फसलेलं प्रिंट घेऊन मी भाऊकडे गेले. त्याने फाईल मागितली नाही. प्रिंटचा तुकडा एका कोऱ्या ए-फोर कागदावर ठेवला: गडद संत्री. तोच तुकडा उचलून ट्यूबलाईटसमोर धरला: फिकट. परत कागदावर, परत ट्यूबसमोर. ‘पाह्यजा, शाई तेवढीच हाय. कागदावर प्रकाश शाईतून जाते आन् परत येते, दोन डाव. इथं एकडावच जाऊन राहिला ना.’

कोणत्याही मशीनवाल्याने मला हे आधी सांगितलं नव्हतं. आपल्या छपाईच्या चार शाया, निळी, गुलाबी, पिवळी, काळी, या पांढऱ्या पृष्ठभागाच्या भरवशावर चालतात. प्रकाश शाईतून आत जातो, मागच्या पांढऱ्यावर आपटतो आणि त्याच शाईतून गाळला जाऊन बाहेर येतो. समजा शाईच्या एका थरातून नको असलेल्या प्रकाशाचा ३० टक्के भाग निसटतो. पांढऱ्या व्हिनाईलवर दोनदा गाळला गेल्यामुळे तो ३० टक्क्यांचा ३० टक्के, म्हणजे ९ टक्केच उरतो. रंग शुद्ध आणि भरलेला दिसतो. क्लिअरवर दिवा मागे असला की एकदाच गाळणी, ३० टक्के तसेच निसटतात आणि रंग पाण्यात कालवल्यासारखा होतो. तोच भरगच्चपणा हवा तर त्याच जागी शाईचा दुसरा थर पाहिजे. गणित एवढंच आहे. दुसरा थर नीट बसवणं ही मात्र कारागिरी, आणि भाऊ पैसे घेतो ते तिचे.

इथे आपल्या धंद्यातला एक गैरसमज सांगायलाच हवा, कारण त्यावर बरेच पैसे वाया जातात. ‘आठ पासवर मारा, गडद येईल,’ असं आपण सगळे सर्रास म्हणतो. पास म्हणजे एकाच जागेवरून छपाईच्या हेडच्या फेऱ्या. पास वाढवले म्हणून शाई वाढते असं नाही. चार पासमध्ये जेवढे थेंब पडायचे तेच आठ पासमध्ये विभागून पडतात. पट्टे कमी दिसतात, शाईला वाळायला वेळ मिळतो, छपाई देखणी होते, पण एकूण शाई साधारण तेवढीच. किती शाई पडेल हे रिझोल्युशन, थेंबाचा आकार आणि त्या मटेरियलच्या प्रोफाइलमधली (कुठल्या मालावर किती शाई टाकायची याची सॉफ्टवेअरमधली सेटिंग) शाईची कमाल मर्यादा यांवर ठरतं. चारही रंग शंभर टक्के धरले तर बेरीज ४०० होते. एवढी शाई कुठलंच व्हिनाईल पचवत नाही, म्हणून प्रोफाइल ती खाली ओढतं. साध्या पांढऱ्या व्हिनाईलचं प्रोफाइल क्लिअरला लावलं की मशीन आपल्या नकळत हात आखडता घेते. मॉनिटरवर सॅच्युरेशन कितीही चढवा, ते या दारातच अडतं.

खरी दुप्पट शाई हवी तर सॉफ्टवेअरमध्ये ओव्हरप्रिंट लावायचं. रोलँडच्या व्हर्सावर्क्समध्ये आणि मिमाकीच्या रास्टरलिंकमध्ये तशी सोय आहे, बाकीच्या चांगल्या सॉफ्टवेअरमध्येही असते. जागा तीच, थर दोन. शहरात ज्यांच्याकडे इको सॉल्व्हंट मशीन (सौम्य द्रावकाच्या शाईवर चालणारी) आहे त्यांच्यापैकी बहुतेकांकडे हे बटण आहे. मग भाऊकडेच का जायचं?

कारण तो आधी पट्टी काढतो. याच गोष्टीसाठी मी त्याची गाऱ्हाणी पोटात घालते. तुमच्याच रोलच्या उरल्यासुरल्या तुकड्यावर तो तुमच्या कामातले तीन-चार मुख्य रंग छापतो. प्रत्येक रंगाचे चौकोन ओळीने, एक थर, दीड थर, दोन थर, अडीच थर. दीड म्हणजे दुसऱ्या थरात शाई निम्मी. प्रत्येक चौकोनाखाली बारीक अक्षरात आकडा. पट्टी वाळली की एका जुन्या एक्स-रे बघायच्या पेटीवर, डॉक्टरांकडे असते ना तशी, तिच्यावर ठेवतो आणि गिऱ्हाईकाला बोट ठेवायला सांगतो. माझ्या संत्र्यासाठी दोन थर पुरेसे होते. बर्फीच्या कडेच्या तपकिरी रंगाला मात्र दोन थरांत शाईची तळी साचली होती: चौकोनाच्या मधात चकाकी आणि कडेला सुरकुती. म्हणून त्याने तपकिरीची एकूण शाई खाली आणली आणि मग दोन थर दिले. मला वाटलं होतं गडद रंगाला जास्त शाई लागेल. उलट होतं. तपकिरीत चारही शाया आधीच एकमेकींवर बसलेल्या असतात, भरायला जागाच कमी. उपाशी राहतात ते पिवळा, संत्री, आकाशी असे एक-दोन शायांचे रंग.

मग वेळ. पहिला थर ओला असताना दुसरा पडला तर शाई पसरते, अक्षरांच्या कडा मऊ होतात. भाऊ एकाच दिशेने छापतो. हेड जाताना शाई टाकतं, येताना रिकामं येतं. शिवाय प्रत्येक फेरीनंतर थांबा लावलेला असतो. मशीन पाहणाऱ्याला वाटावं की बंद पडली. ‘मधात वाळू द्या लागते,’ एवढंच तो म्हणतो आणि चहा सांगतो. मशीनचे हीटर तो क्लिअरला फार चढवत नाही. पातळ क्लिअर फिल्म जास्त तापली की मशीनच्या पाट्यावर लहर धरते, आणि लहरीवर हेड घासलं की प्रिंट गेलं आणि हेडही.

क्लिअरची आणखी एक गंमत. मशीनला रोलची कड शोधायला सेन्सर लागतो आणि पारदर्शक माल त्याला दिसतच नाही. मशीन ‘मीडिया नाही’ म्हणत बसते. भाऊ सेन्सरच्या वाटेवर, कडेला पांढऱ्या टेपची एक पट्टी लावतो. छपाई झाली की तीच काढून पुढच्या रोलला. तिच्यावर धूळ इतकी बसलीय की ती आता पांढरी म्हणवत नाही, पण मशीन ओळखते.

पांढऱ्या शाईबद्दल सविस्तर लिहिते, कारण दवाखान्यांची दारं सगळी तिच्यावर उभी आहेत. मागे दिवा नसेल, नुसती काच असेल, तर क्लिअरवर चार रंग कितीही दाबून मारा, मागे अंधार असला की ते काळपट होतात. परत फिरवायला मागे पांढरं काही नाही ना. तिथे पांढरा थर हवाच. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ते जड, तळाशी बसतं. शाई सतत हलती ठेवली नाही तर वर पातळ दूध आणि खाली चिखल. आदल्या ठिकाणी पांढरी आठवड्यातून एखाद्या वेळी वापरायचे. पहिला मीटरभर पांढरा म्हणजे धुकं. भाऊकडे पांढऱ्याचं काम रोज असतं, म्हणून शाई फिरती राहते. तरी तो सकाळी कार्ट्रिज काढून हलवतो आणि एक पांढरा ठोकळा छापून काळ्या पुठ्ठ्यावर ठेवून बघतो. पुठ्ठा आरपार दिसला तर त्या दिवशी पांढऱ्याचं काम नाही. मला त्याने असं परत पाठवलंय. तेव्हा राग आला होता. आता सकाळी विचारूनच निघते, ‘भाऊ, पांढरी बसली का?’

थरांचा क्रम कामावर ठरतो. काचेच्या बाहेरून लावायचं तर आधी पांढरा, वर रंग. आतून लावून बाहेरून वाचायचं तर प्रिंट उलटं, आधी रंग, मग पांढरा. दवाखान्यांना मी आतूनच लावते, उन्हापावसाचा त्रास नाही आणि कोणी नखाने खरवडत नाही. दिवसा काच आणि रात्री दिवा असं दोन्ही असेल तर सँडविच: रंग, मधात पांढरा, परत तोच रंग. दिवसा पुढचा रंग पांढऱ्यावरून परतून दिसतो. रात्री मागचा दिवा मागच्या रंगातून, पांढऱ्यातून पसरून, पुढच्या रंगातून येतो. दोन थरांचा भरगच्चपणा आपोआप मिळतो आणि एलईडीचे टिपकेही विरघळतात. मात्र मधला पांढरा शंभर टक्के ठेवला तर दिवा गुदमरतो. भाऊ तो कमी करतो, किती ते पट्टीवर बघून. धंतोलीतल्या एका दातांच्या दवाखान्याचा बोर्ड असा केलाय. संध्याकाळी गाडीवरून जाताना मी अजून मान वळवून बघते.

फाईल देताना पांढऱ्यासाठी वेगळा स्पॉट कलर (चार शायांत न मिसळणारा, नाव दिलेला स्वतंत्र रंग) करून द्या. रोलँडच्या सॉफ्टवेअरला तो ‘आरडीजी अंडरस्कोर व्हाईट’ याच नावाने लागतो. नाव चुकलं की मशीन त्याला पांढरा समजत नाही. आणि पांढरा आकार रंगाच्या आकारापेक्षा केसभर आत ठेवा, नाहीतर अक्षराभोवती पांढरी किनार डोकावते. भाऊ हे करून देत नाही. फाईल चुकीची असली की परत. ‘डिझाईन तुमचं, ताई.’ बरोबर आहे, पण पुतण्या रिकामा बसलेला दिसत असताना ऐकायला बरं वाटत नाही.

आता रिफ्लेक्टिव्ह. वर सांगितलेलं शहाणपण इथे उलटं फिरतं, म्हणून वेगळं लिहिते.

रिफ्लेक्टिव्ह शीट दिवसा पांढरी नसते, राखाडी असते. काचेचे सूक्ष्म मणी आणि त्यामागे धातूचा मुलामा, त्यामुळे उजेड सगळीकडे पसरण्याऐवजी आला तिकडेच परत जातो. रात्री हेडलाईटमागे बसलेल्या ड्रायव्हरला ती लखलखते. दिवसा बाजूने बघणाऱ्याला मळकी दिसते. तिच्यावर लाल छापला तर दिवसा विटकरी दिसतो. मग गिऱ्हाईक म्हणतं गडद करा, आणि छापणारा दोन थर मारतो. दिवसा छान. रात्री?

एका रुग्णवाहिकेचं काम असंच झालं होतं, भाऊकडे यायच्या आधी, दुसरीकडून. बाजूवर लाल पट्टा आणि ठळक लाल अक्षरं. दिवसा गाडी उठून दिसायची. रात्री हेडलाईट टाकला की पांढरी जागा चमके आणि लाल अक्षरं जवळजवळ काळी. त्या शीटसाठी जादा पैसे मोजले होते ते याच अक्षरांसाठी. इथेही प्रकाश शाईतून दोनदा जातो, जाताना आणि येताना. लाल शाईच्या एका थरातून समजा लाल प्रकाशाचा ६० टक्के भाग पार होतो. जाऊन-येऊन तो ३६ टक्के. दोन थर मारले की एका दिशेलाच ३६, आणि परत येईपर्यंत जेमतेम १३. दिवसाचा गडदपणा विकत घेतला आणि रात्रीची चमक घालवली.

भाऊ रिफ्लेक्टिव्हची पट्टीही काढतो, पण ती बघायची पद्धत वेगळी. पट्टी समोरच्या भिंतीला चिकटवतो, खोलीतले दिवे घालवतो, गिऱ्हाईकाला दाराशी उभं करतो आणि मोबाईलचा टॉर्च डोळ्याशेजारी, कानशिलाला टेकवून धरायला लावतो. टॉर्च हातभर बाजूला नेला की चमक गायब, डोळ्याजवळ आणला की परत. चौकोन ओळीने उजळतात आणि कुठल्या थराला रंग मेला ते आपल्यालाच दिसतं, समजावून सांगावं लागत नाही. पिवळा दीड थरालाही जिवंत राहतो. लाल एका थरावर ठीक, सव्वावर जेमतेम. निळा सगळ्यात लवकर बुडतो. हे त्याच्या शाईचं आणि त्या शीटचं गणित झालं, दुसऱ्या मशीनवर वेगळं निघेल. पट्टी काढायची ती त्यासाठीच.

मग दिवसाच्या मळकेपणाचं काय? खाली पांढरी शाई मारा, असं सुचवणारे भेटतात. पांढरी अपारदर्शक. ती मारली की खालचे मणी झाकले आणि महागडी शीट साधं व्हिनाईल झाली. भाऊचा उपाय शाईत नाही, डिझाईनमध्ये आहे. लाल अक्षरांभोवती काळी किनार द्या. काळ्याला रात्री चमकायचं नसतंच, तो हवा तेवढा दाबून मारा. शेजारी काळा आला की दिवसा लाल आपोआप उठतो. माझी आताची रुग्णवाहिकेची कामं सगळी अशी आहेत. दुसरा उपाय म्हणजे शीट बदलणं. धातूचा मुलामा नसलेली प्रिझमॅटिक शीट दिवसा जास्त पांढरी दिसते, पण ती जाड आणि ताठ. व्हॅनच्या गोलाईवर वळत नाही, सपाट जागेलाच बरी.

रिफ्लेक्टिव्हचा वरचा थर साध्या पीव्हीसीसारखी शाई पीत नाही, असा माल बराच असतो. सॉल्व्हंट शाई पीव्हीसीत थोडी मुरते, तिथे ती नुसती वर बसते. म्हणून थेंब एकमेकांत मिसळून ठिपके-ठिपके दिसतात आणि नखाने निघतात. उपाय शाई वाढवण्याचा नाही, सावकाश टाकण्याचा. पास इथे कामाला येतात: शाई तेवढीच, हप्ते जास्त. शेवटी ग्लॉस लॅमिनेशन. त्याने शाई वाढत नाही, पण पृष्ठभागावरचं विखुरणं कमी होऊन रंग एक पायरी गडद भासतो. मॅटने उलट होतं, धुरकट. थोडाफार फरक कधीकधी नुसत्या लॅमिनेशनने भरून निघतो. म्हणून पट्टीच्या अर्ध्या भागावर लॅमिनेशन लावून बघायला मागा. मागितलं तर तो देतो, आपण होऊन देत नाही.

सरकारी रस्ताफलकांचं काम तो घेत नाही. त्यांना आयआरसी ६७ (इंडियन रोड्स काँग्रेसची रस्ताफलकांची नियमावली) लागू आहे, किती प्रकाश परत यायला हवा याचे किमान आकडे त्यात दिलेले आहेत, आणि ते मोबाईलच्या टॉर्चने मोजून चालत नाही. नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांपैकी कोणी ट्रकच्या कायद्याच्या पट्टीवर, पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी असते ती, कंपनीचं नाव छापून मागितलं तर सरळ नाही म्हणतो. माझं एक गिऱ्हाईक त्यामुळे तुटलं. गेलं तर गेलं.

वाळवणीच्या बाबतीत तो हट्टी आहे. दोन थरांचं काम छापून झाल्यावर लगेच गुंडाळून देत नाही, लॅमिनेशन तर नाहीच. सैल, उभं ठेवतो. निदान एक दिवस, जास्त शाई असली तर दोन. शाईतला सॉल्व्हंट आत अडकला की व्हिनाईल मऊ पडतं, कडा वळतात, गोंद ढिला होतो, आणि हे सगळं दिसतं ते लावल्यानंतर, गिऱ्हाईकाच्या काचेवर. पावसाळ्यात तर हे वाळवणं आणखी लांबतं. मे महिन्यात वेगळीच कटकट. पारा ४५ पार, हवा कोरडीठाक, क्लिअर फिल्म रोलवरून सुटताना तडतडते, स्थिर वीज धरते, धूळ ओढते आणि शाईचे थेंबही भलतीकडे उडवते. बाकीची दुकानं कुलर लावून मोकळी होतात. भाऊकडे एसी आहे, पण मे महिन्यात तो दाराशी कुलरही लावतो, तोंड मशीनकडे नाही, भिंतीकडे. थोडा ओलावा हवा, वारा नको.

आता गाऱ्हाणी. दर जास्त आहेत. पांढऱ्यासकट दोन थरांच्या क्लिअरला साध्या प्रिंटच्या दुपटीहून बरंच जास्त पडतं, जीएसटी वेगळा. शाई दुप्पट, मशीनचा वेळ त्याहून जास्त, हे मला कळतं. माझ्या गिऱ्हाईकाला समजावताना घसा बसतो तो माझा. व्हॉट्सॲपवर फाईल घेत नाही, पेनड्राइव्ह घेऊन या म्हणतो. त्या गल्लीत दुपारी दुचाकीसुद्धा लावायला जागा नसते. लॅमिनेशनची मशीन प्रिंटरपेक्षा अरुंद आहे. मोठ्या काचेचं काम दोन तुकड्यांत करावं लागतं आणि जोड लपवण्याचं डोकं आपण लावायचं. क्लिअरमध्ये एखादा धुळीचा कण राहतोच. पांढऱ्या व्हिनाईलवर तो दिसला नसता, मागून दिवा लागला की चांदणी होते. मोठ्या एकसलग रंगाचं काम असेल तर माल घेताना जिन्याच्या खिडकीशी धरून बघा, घरी जाऊन नाही.

कटिंग तो करून देत नाही. इथे ज्यांच्याकडे प्लॉटर आहे त्यांच्यासाठी एक सूचना. कुठे कापायचं ते दाखवणाऱ्या, रिफ्लेक्टिव्हवर छापलेल्या खुणा प्लॉटरच्या डोळ्याला वाचता येत नाहीत, चमकीने तो आंधळा होतो. क्लिअरवरही कधीकधी तेच. मी खुणेभोवती मॅट पांढरा टेप लावून वर मार्करने खूण परत गिरवते, चालतं. आणि पाती लवकर बोथट होतात, शेवटी काचेचे मणीच कापतोय आपण. रिफ्लेक्टिव्हची पाती वेगळी ठेवा.

एक चांगली गोष्ट हिशेबाची. पट्टीवर तुम्ही ज्या चौकोनावर बोट ठेवलं त्याचा आकडा तो बिलावर लिहितो आणि पट्टीचा अर्धा तुकडा स्वतःकडे ठेवतो, अर्धा तुम्हाला. माल त्या चौकोनाशी जुळला नाही तर फुकट परत छापतो. जुळला आणि गिऱ्हाईकाला आवडला नाही, तर पैसे आपले. वाद होत नाही. सहा महिन्यांनी त्याच बोर्डाचा एक तुकडा बदलायचा झाला तर आकडा सांगायचा, रंग तोच येतो. मिठाईवाल्याने दुसऱ्या शाखेसाठी बर्फी मागितली तेव्हा मी फाईल आणि आकडा पाठवला, पेनड्राइव्हवरच, आणि दोन्ही बोर्ड एकाच रंगाचे आले.

दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस त्याच्याकडे जाऊ नका. दीक्षाभूमीच्या सोहळ्यासाठी शहरातल्या सगळ्या मशीन फ्लेक्सवर रात्रंदिवस चालतात. भाऊ फ्लेक्स छापत नाही, पण कच्चा माल आणि लॅमिनेशनचे रोल त्या दिवसांत सगळ्यांचेच अडकतात. निवडणूक असली तर तोच प्रकार. गुरुवारी बंद असतो. सकाळी अकराच्या आत गेलात तर पांढरी बसली की नाही ते कळतं आणि गल्लीत गाडीही लागते.